सकाळची पाळी

पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशीची सकाळ गाजरगवत उपटायला सगळ्यात चांगली. माती मऊ असते, मूळ अख्खं हाताला लागतं. दोन दिवस ऊन तापलं की देठ वरच तुटतो, बूड आत राहतं आणि पुन्हा फुटतं. पांढरी फुलं धरायच्या आत हे उरकायला लागतं, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे तरी हाताला चढवायचे. नाहीतर ज्याच्या अंगाला हे गवत सोसत नाही, त्याच्या मनगटावर पुरळ उठलीच.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात हे काम एम.ए., एम.एस्सी.ची मुलंमुली करत आली आहेत. योजनेचं नाव कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजना. बोलताना नुसतं ‘कमवा-शिका’. विभागातले तास सांभाळून रोज दोन-तीन तास काम, तासावर मोबदला, महिन्याचा हिशेब. माझं एम.ए. याच कामावर झालं. आता मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते, पण विद्यापीठात काही निमित्ताने गेले की सकाळी लवकर पोचते आणि ही पाळी बघत थांबते.

आधी हजेरी. नाव, विभाग, आल्याची वेळ, सही. मग खुरपी, फावडी, घमेली. जुनी मुलं धार अंगठ्यावर बघून खुरपं निवडतात, नवी मुलं हाताला येईल ते उचलतात. कोण शेतातून आलंय ते दहा मिनिटांत कळतं. शेतातलं पोर उकिडवं बसून सरकत सरकत पुढे जातं. दुसरं कमरेतून वाकून खुरपतं आणि थोड्याच वेळात पाठ धरून उभं राहतं. त्याला कुणी हसत नाही. शेजारची मुलगी नुसतं म्हणते, ‘दादा, बसून कर.’

झाडांची आळी करताना आमचे माळीमामा एक गोष्ट दर वेळी सांगायचे: बुंध्याला माती भिडवू नका, साल कुजते, आळं रुंद घ्या, पाणी पिणारी बारीक मुळं लांब, फांद्यांच्या सावलीच्या कडेला असतात. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना हे पुस्तकातून ठाऊक असायचं, तरी ती मामांकडून ऐकताना मान डोलवायची. त्यांच्यातल्याच एकीने मला सांगितलं होतं की गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकाच्या मध्यात झाली, तीही पुण्यातच. विद्यापीठ स्थापन झालं 1949 ला. म्हणजे विद्यापीठ आणि हे गवत जवळजवळ बरोबरीने वाढलं. त्या दिवसापासून मला ते उपटताना वेगळाच त्वेष यायचा.

या आवारातली मुख्य इमारत मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होती. तिच्या भोवतालची जमीन ऊसतोड्यांची, मेंढपाळांची, सालगड्यांची मुलं खुरपतात आणि अकराच्या तासाला त्याच आवारात भाषाविज्ञान नाहीतर संख्याशास्त्र शिकायला बसतात. ज्यांच्या नावाने हे चालतं त्या भाऊरावांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली आणि राबून शिकली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी.लिट. दिली ती 1959 मध्ये. त्याच वर्षी ते गेले. शिकणाऱ्याने कुणापुढे हात पसरू नये हा त्यांचा आग्रह आजही मला सगळ्यात मोठा वाटतो. शिष्यवृत्ती मंजूर होण्याची वाट बघावी लागते. खुरपलेला तास मात्र त्याच सकाळी वहीत चढतो.

पैशाचं महत्त्व आमच्या पाथर्डीकडच्या मुलांना जास्त कळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुकादमाची उचल आधीच येते आणि आधीच संपते. आईवडील कारखान्यावर असतात, कोपीत राहतात. त्या दिवसांत घरून काही येईल अशी आशाच नसते. मेसचं बिल मात्र दर महिन्याला असतं. हॉस्टेलला नंबर न लागलेली मुलं मित्राच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून राहायची, आणि जेवणाचा वाटा या मजुरीतून द्यायची. म्हणून मोबदला आठ दिवस जरी लांबला तरी काहींचं रात्रीचं जेवण सुटतं. तो वेळेवर देणं हा या योजनेचा प्राण आहे, असं मला मनापासून वाटतं.

पदवीला असताना मी नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कमवा-शिकाचं काम ग्रंथालयात केलं होतं. परत आलेली पुस्तकं विषयवार लावायची आणि मांडणीवर जागच्या जागी ठेवायची. ड्युई पद्धतीत मराठी साहित्य 891.46, पुढे 1 आला की कविता, 2 नाटक, 3 कादंबरी. आणि 6 च्या जागी 3 वाचला तर पुस्तक हिंदीत जाऊन बसतं, मग मागणाऱ्याला ते असूनही मिळत नाही. त्या कामात मला मराठी वाङ्मयाचा नकाशा मिळाला. अभ्यासक्रमात नसलेले लेखक मला पहिल्यांदा पाठपट्टीवर भेटले. मराठीच्या मुलीला ग्रंथालय, रसायनच्या मुलाला प्रयोगशाळा असं काम देता आलं तर मजुरीबरोबर विषयही हाताला लागतो. हे सगळीकडे जमत नाही, पण जिथे जमेल तिथे व्हावं.

एक गोष्ट मात्र अजून बदललेली नाही. वर्गातलं कुणी रस्त्याने आलं की काही मुलं पाठ फिरवतात, मुली स्कार्फ वर ओढतात. ही लाज त्या मुलांनी घरून आणलेली नाही. शेतात तीच मुलं ताठ मानेने राबतात. लाज इथे येऊन लागते. तिच्यावर उपाय माजी विद्यार्थ्यांच्या हातात आहे. आमच्यातले कितीतरी जण प्राध्यापक झाले, अधिकारी झाले. सत्काराच्या वेळी त्यांच्या परिचयात पदव्या वाचल्या जातात, पदकं वाचली जातात. कोणत्या बागेत किती वर्षं काम केलं ते कुणी लिहून देत नाही. मी माझ्या परिचयात ते लिहायला लागले, तेव्हापासून कार्यक्रम संपल्यावर एखाददुसरी मुलगी थांबून विचारते, ‘मॅडम, अर्ज कुठे करायचा?’

तिला मी सांगते: प्रवेश झाला त्याच आठवड्यात विद्यार्थी विकास कक्षात जा. बँकेचं खातं स्वतःच्या नावाचं असू दे. प्रॅक्टिकलच्या वेळा आधी सांग आणि पाळी त्याप्रमाणे मागून घे. हजेरीवर सही रोजच्या रोज करायची, उद्यावर टाकायची नाही. काम बागेचं मिळालं तर हातमोजे मागायला लाजू नकोस.