सेंट्रीफ्यूगलला नवा ड्राइव्ह : पैसा कोठे वाचवावा, कोठे वाचवू नये



साखर घरातील जुन्या सेंट्रीफ्यूगल मशीनची मोटार व बास्केट पुष्कळदा शाबूत असते, थकते ती विजेची नियंत्रण व्यवस्था. ती बदलायची म्हटली की सभासद विचारतात, "मोटारीच्या अश्वशक्तीएवढा स्वस्तातला ड्राइव्ह घेतला तर बिघडलं कुठं?" बिघडते ते असे.

पंपाची मोटार एकदा सुरू केली की एका चालीने चालते. बॅच सेंट्रीफ्यूगलचे तसे नाही. मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांवर मॅसेक्वीट भरायचे, १,२०० च्या आसपास वेग नेऊन मळी काढायची, मग ५० पर्यंत उतरवून साखर खरडून खाली पाडायची. लगेच पुढची खेप. वजन तेच धरले, तर वेग सहापट होताच फिरत्या बास्केटमधील ऊर्जा छत्तीसपट होते. हा सगळा ताण ड्राइव्ह सोसतो.

म्हणून पहिली गोष्ट : ड्राइव्ह अश्वशक्तीवर नव्हे, अँपिअरवर निवडावा. पंप-पंख्यांसाठीचे ड्राइव्ह साधारणपणे मिनिटभर ११० टक्के भार सोसतात, जड कामाचे १५० टक्के. इथे जड कामाचाच हवा. सर्व्होची गरज मात्र नाही. सर्व्हो लागतो तो नेमक्या जागी थांबणाऱ्या यंत्राला. इथे मुख्य काम वेग सांभाळण्याचे आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. भरली गाडी घाट उतरताना बैल गाडी ओढत नाहीत, गाडीच बैलांना ढकलते. तसेच वेग उतरवताना मोटार वीज तयार करते. ४१५ व्होल्टचा पुरवठा ड्राइव्हच्या आत सुमारे ५८७ व्होल्ट डीसी होतो. परतलेल्या विजेने तो आणखी चढला की ड्राइव्ह ट्रिप होतो. ही वीज रेझिस्टरमध्ये जाळावी लागते, नाहीतर रिजनरेटिव्ह ड्राइव्हने लाईनला परत द्यावी लागते. दुसरा प्रकार महाग खरा, पण दर खेपेला वीज परत मिळते. तथापि लाईन गेली तर त्याचा ब्रेक लागत नाही. यासाठी यांत्रिक ब्रेक आणि बास्केट पूर्ण थांबेपर्यंत न उघडणारे झाकण हवेच. तेथे आपलाच कामगार उभा असतो.

तिसरी गोष्ट छोटी, पण रडवणारी : २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय. समजा कंट्रोलरला २, सेन्सरना १ आणि व्हॉल्व्हना ३ अँपिअर लागतात. बेरीज ६ झाली म्हणून ६ चाच घेऊ नये, १० चा घ्यावा. त्याहून बरे म्हणजे कंट्रोलरचा सप्लाय वेगळा आणि व्हॉल्व्हचा वेगळा ठेवावा. नाहीतर व्हॉल्व्ह ओढताना व्होल्टेज पडते, कंट्रोलर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि चालू खेप अडते. सिग्नलच्या तारा शील्ड असलेल्या घ्याव्यात व मोटारीच्या केबलपासून दूर न्याव्यात.

साखर घर अडले की मॅसेक्वीट साचते, पॅन रिकामे होत नाहीत, शेवटी गव्हाण थांबते. आणि तोडलेला ऊस तळावर वाळतो तो तुमचा-आमचा.

तेव्हा कोटेशन तपासताना नुसता शेवटचा आकडा पाहू नका. विचारा : किती अँपिअर? जास्तीचा भार किती वेळ? ब्रेकची वीज जाते कोठे? २४ व्होल्टला शिल्लक किती? या चारांची उत्तरे लेखी मिळाली, की मगच किमतीचे बोलावे.