मंगलपरिणय झाला, पुढे काय?

दिवाळी सरली की लग्नसराई सुरू होते आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत आमच्या वस्त्यांतील मंडप काही उतरत नाहीत. पांढरी वस्त्रे, तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिसरण-पंचशील आणि शेवटी जयमंगल अठ्ठगाथा. हे दृश्य पाहून कोणत्याही कार्यकर्त्याला अभिमानच वाटेल. पण याच दिवसांत साखरपुडा झालेली आणि नुकतीच लग्न झालेली जोडपी आमच्या वकिली कचेरीत जे प्रश्न घेऊन येतात, ते ऐकले की आमच्यासमोर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. आम्ही विवाहाचा विधी बदलला, पण विवाह बदलला काय?

हे प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ असतात. हॉलचे पैसे कोणी द्यायचे? मुलाच्या मामाला सफारीचे कापड द्यायचे की नाही? पत्रिकेवर कोणाचे नाव आधी? मुलीने लग्नानंतर नोकरी चालू ठेवायची काय? ठेवली तर पगार कोणाच्या हाती द्यायचा? दहा बाय बाराच्या खोलीत सासू, सासरे, धाकटा दीर आणि नवे जोडपे यांनी झोपायचे कसे? यातील एकाही प्रश्नावर भाषण होत नाही, मोर्चा निघत नाही. परंतु संसार मोडतात ते बहुतेक याच किरकोळ प्रश्नांवर, हे कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारून पाहावे.

सुरुवात होते ती बैठकीपासून. कोणी त्याला सुपारी म्हणतो, विदर्भात साक्षगंध म्हणतात. दोन्हीकडची जाणती मंडळी सतरंजीवर बसतात, याद्या होतात, मानपान ठरतो. ज्यांना आयुष्य काढायचे ती दोघे मात्र गप्प. तो दाराशी उभा, ती आतल्या खोलीत. पुढे साखरपुडा ते लग्न या चार-सहा महिन्यांत दोघे मोबाईलवर रात्र रात्र बोलतात, पण काय बोलतात? फोटो कुठे काढायचे, साडीचा रंग कोणता. तुझ्यावर कर्ज किती, माझ्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे काय, आपण राहायचे कुठे, हे विचारायला दोघांनाही संकोच वाटतो. मुलीने विचारले तर ‘आतापासूनच हिशेब मागते’ आणि मुलाने विचारले तर ‘पैशावर डोळा आहे’, अशी आमची समजूत! मग हेच प्रश्न लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात भांडणाच्या रूपाने बाहेर पडतात.

आता खर्चाचे पाहू. ‘आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ हे वाक्य आमच्या समाजात फार प्रतिष्ठित झाले आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. लग्नासाठी पैसे अगर मौल्यवान वस्तू मागणे म्हणजे हुंडा मागणेच, मग त्याला मानपान म्हणा, दुचाकी म्हणा की ‘आमची पद्धत’ म्हणा. या कायद्याखाली १९८५ साली नियम झाले आणि वधू-वरांना मिळालेल्या भेटवस्तूंची सही केलेली यादी ठेवणे सांगितले गेले. किती घरांत अशी यादी आहे? आहेराची वही असते, त्यात कोणी १०१ दिले, कोणी ५०१ दिले हे चोख लिहिलेले असते. पण मुलीच्या अंगावर आईवडिलांनी काय घातले, याचा कागद सापडत नाही. ते तिचे स्त्रीधन आहे. सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे.

हळदीच्या रात्री डीजे, दुसऱ्या दिवशी वरात, पाचशे पाने. पूर्वी हळद घरच्या अंगणात व्हायची, आता तिच्यासाठी वेगळा मंच लागतो. समजा या सगळ्यासाठी मुलाने ५ लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले. महिन्याला हप्ता पडतो सुमारे ११ हजार ६०० रुपये आणि पाच वर्षांत केवळ व्याजच जाते २ लाखांच्या घरात. पंचवीस-तीस हजार पगाराच्या मुलाने हा हप्ता भरून खोलीचे भाडे कशातून द्यावे? म्हणजे वेगळी खोली घेणे लांबले, मूल झाल्यावर खर्च वाढला, बायकोच्या पगारावर डोळा गेला आणि भांडण सुरू झाले. पाहुणे जेवून गेले, डीजेवाला पैसे घेऊन गेला, हप्ता मात्र जोडप्याच्या उशाशी झोपतो!

यात खरी गंमत अशी की कमी खर्चाची वाट आमच्याकडे मुळातच आहे. बौद्धाला मुहूर्त नाही. मुहूर्ताच्या तारखांना हॉलवाले, केटरर्स, सर्वांचे दर चढलेले असतात. ज्याला मुहूर्त लागत नाही त्याने साधा मंगळवार, साधा बुधवार घ्यावा. विहारात लग्न लावावे. पण आम्ही काय करतो? पंचांग पाहत नाही असे सांगतो आणि तारीख मात्र पंचांगातलीच धरतो. पत्रिकेवर ‘दुपारी १२.३० वाजता’ असे छापतो आणि वरात येते चार वाजता. मग बौद्धाचार्यांना कानात सांगितले जाते, ‘गुरुजी, जरा आटोपते घ्या.’

आणि ज्या वेळी आटोपते घेतले जाते, नेमकी तीच वेळ लग्नाची असते. वर पाच प्रतिज्ञा घेतो, वधू पाच प्रतिज्ञा घेते. त्यांचे मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला सांगितले की पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, व्यभिचार करू नये, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, वस्त्रालंकार द्यावेत. पत्नीने कामाची व्यवस्था नीट ठेवावी, दोन्हीकडच्या माणसांना सांभाळावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेल्या धनाचे रक्षण करावे, कामात दक्ष असावे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात पतीची कर्तव्ये आधी येतात, आणि त्यात ‘अधिकार द्यावा’ असा स्पष्ट शब्द आहे. मंडपात माईकवर ‘अधिकार देईन’ म्हणणारा आमचा तरुण दुसऱ्या महिन्यात बायकोचे एटीएम कार्ड आपल्या आईच्या कपाटात ठेवतो, तेव्हा त्याने नेमकी कोणती प्रतिज्ञा घेतली होती?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांना सांगितले होते की मुलांची लग्ने घाईने उरकू नका, विवाह ही जबाबदारी आहे, आर्थिक बळ आल्याशिवाय ती लादू नका. लग्न होणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये, हेही त्यांनी बजावले. हे आम्ही जयंतीच्या भाषणात सांगतो. बैठकीत का सांगत नाही?

राहत्या घराचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. वेगळे राहायचे म्हटले की ‘सुनेने मुलगा तोडला’ असा शिक्का बसतो. आमचे म्हणणे असे की एका खोलीत पाच माणसांनी एकमेकांचा राग करीत राहण्यापेक्षा दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन आईवडिलांना महिन्याचा ठरलेला पैसा देणे, हे अधिक धम्माचे वागणे आहे. आणि जिथे एकत्र राहणे आहे तिथे हे ध्यानात ठेवावे की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने तो हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. ‘निघ माझ्या घरातून’ म्हणणे सोपे राहिलेले नाही.

आता कायद्याच्या चार गोष्टी, ज्या साखरपुड्यातच माहीत असाव्यात. बौद्धांना हिंदू विवाह कायदा १९५५ लागू होतो. वेगळ्या बौद्ध विवाह कायद्याची मागणी चळवळीत आहेच, पण तो होईपर्यंत आहे त्या कायद्याचा उपयोग करून घेतला पाहिजे. मंगलपरिणय लागला की महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी. अर्जातील ‘पुरोहित’ या रकान्यात बौद्धाचार्यांची सही घ्यावी, आणि कारकून ‘भटजी कोण होते?’ म्हणाला तर न चिडता ‘बौद्धाचार्य’ असे लिहून द्यावे. काही जण केवळ कागद करतात आणि विधी पुढे ढकलतात. त्यांनी सावध व्हावे. विधीच झाला नसेल तर हिंदू विवाह कायद्याखाली नुसत्या नोंदणीने विवाह वैध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. विधीची पत्रिका, फोटो, साक्षीदार जपून ठेवावेत.

ज्यांना विधीच नको त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. बाबासाहेबांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनेच विवाह केला. ना बँड, ना वरात. त्यामुळे त्या विवाहाचे काही कमी झाले काय?

लग्नानंतर नाव बदलणे मुलीला सक्तीचे नाही. पदवी, नोकरी, बँक सगळे माहेरच्या नावाने असेल तर ते तसेच राहू द्यावे. निम्मे कागद एका नावाचे आणि निम्मे दुसऱ्या नावाचे असले की पुढे हेलपाटेच होतात. जात ही जन्माने धरली जाते, लग्नाने बदलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून मुलीने जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र माहेरच्या कागदांवर लग्नाआधीच काढून घ्यावे. भविष्य निर्वाह निधीचे वारस नामनिर्देशन दोघांनीही लग्नानंतर नव्याने करावे.

आणि एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी स्थळ पाहताना आम्ही सोमवंशी, लाडवण, बावणे, कोसरे विचारतो. मातंग, चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबाची मुलगी सून म्हणून चालत नाही. सोनई आणि खर्ड्याच्या हत्यांविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच होते. पण आपल्या घरातील मुलगी पोटजात ओलांडते तेव्हा तिच्याशी बोलणे टाकणारा बापही त्याच वर्णव्यवस्थेचा शिपाई नाही काय?

लग्नाला वर्ष होत नाही तोच ‘काही गोड बातमी?’ सुरू होते. मूल केव्हा, किती, हा निर्णय त्या दोघांचा, त्यातही आधी तिचा. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाने मांडला होता, हे शेजारच्या काकूंना सांगावे.

म्हणून प्रत्येक विहाराला आमची सूचना आहे. लग्नाची तारीख नोंदवायला येणाऱ्या जोडप्याला, फक्त त्या दोघांनाच, एक रविवार बोलवा. दहा प्रतिज्ञा समोर ठेवून पगार, कर्ज, घर, नोकरी, मूल, आईवडील यांवर बोलायला लावा. काय ठरले ते वहीत लिहून दोघांनी सही करावी. एखादे लग्न त्या दिवशी मोडले तरी चालेल. हळदीआधी मोडलेले लग्न न्यायालयात मोडलेल्या लग्नापेक्षा कितीतरी स्वस्त आणि कितीतरी सन्मानाचे असते. आणि जे टिकतील ते एकमेकांच्या अटी माहीत असलेल्या दोन स्वतंत्र माणसांचे संसार असतील.

जयभीम!