यंत्राचे विस्मरण : नौकेचे स्थान उशिरा का उमटते?

पावसाळी बंदी संपली आणि समुद्रास नारळ अर्पण झाला, की मालवणच्या नौका पुन्हा पाण्यात उतरतात. या बंदरात ये-जा करताना पाण्याखालील खडकांतून वाट काढावी लागते. पूर्वी तांडेलाची भिस्त खुणांवर व होकायंत्रावर असे. आता जीपीएसच्या पडद्यावरील नकाशाही सोबतीस असतो. समजा, हे यंत्र बरेच जुने आहे आणि कळ दाबून पंधरा मिनिटे लोटली तरी नौकेचे स्थान उमटत नाही. यंत्र निकामी झाले, असे आपण म्हणू. परंतु पुष्कळदा त्यास केवळ विस्मरण झालेले असते.

हे कसे, ते पाहू. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपली वेळ व कक्षा सतत कळवीत असतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. अशी चार अंतरे मिळाली, की अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या घड्याळातील चूक ही चारही अज्ञाते सुटतात. गणित क्षणाचे आहे. विलंब होतो तो ऐकण्यास. जुनी यंत्रे जो संदेश ऐकतात, तो सेकंदास अवघी ५० चिन्हे इतका मंद असतो. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. सर्व उपग्रहांचे ढोबळ पंचांग मात्र पूर्ण ऐकावयास साडेबारा मिनिटे लागतात.

हे पंचांग, तारीख-वेळ व शेवटचे स्थान जुन्या यंत्रात एका लहानशा सेलच्या आधारे जतन होते. सेल संपला, की कोणता उपग्रह आकाशात कोठे आहे हे यंत्रास ठाऊक नसते. प्रत्येक वेळी त्यास नव्याने शोध घ्यावा लागतो.

म्हणून परीक्षा क्रमाने करावी. नौका उघड्या आकाशाखाली ठेवून यंत्र वीस मिनिटे चालू राहू द्यावे. पडद्यावर उपग्रहांचे पट्टे आखूड दिसले, तर दोष अँटेनात, तिच्या जागेत किंवा खाऱ्या हवेने गंजलेल्या जोडांत शोधावा. संदेश मध्येच तुटला, तर यंत्रास पुढील आवर्तनाची वाट पाहावी लागते. पट्टे उंच असतील, तर स्थान मिळाल्यावर यंत्र दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावावे. आता स्थान लवकर उमटले, तर स्मृती शाबूत आहे. पुन्हा तितकाच वेळ लागला व तारीखही पुसली गेली, तर सेल संपला असे समजावे.

स्थान अचूक, पण तारीख अनेक वर्षे मागची, असेही घडते. त्याचे कारण निराळे आहे. मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १,०२३ पर्यंतच होते व पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे २२ ऑगस्ट १९९९ व ७ एप्रिल २०१९ रोजी घडले.

सेल जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा. मात्र त्यापूर्वी एक काम विसरू नये. मासळीच्या जागा व खडकांच्या खुणा, ज्या तांडेलाने वर्षानुवर्षे यंत्रात नोंदविल्या, त्या सेलबरोबर पुसल्या जाण्याचा संभव असतो. त्या सर्वांचे अक्षांश-रेखांश आधी वहीत उतरवून घ्यावेत. यंत्राचे पंचांग आकाशातून पुन्हा मिळते. तांडेलाचा अनुभव तेथून मिळत नाही.