बल्ब दीडशेचा, झटापट दीड तासाची

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. परळीहून सिरसाळ्याला परत येत होतो. दिवस मावळून तासभर झाला होता. गाडी आमच्या भाच्याची, जुनी घेतलेली, हप्ते अजून चालू असलेली. दिवसा तो तिच्यावर भाडे मारतो, आणि अडीनडीला सारी वस्ती तीच गाडी मागते.

समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्याला मागे टाकायला एक मोटारसायकल बाहेर निघाली आणि सरळ आमच्या अंगावर आली. भाच्याने ब्रेक दाबून गाडी साईडपट्टीवर घातली. मोटारसायकल ट्रॅक्टर आणि आमच्या मधून वीतभर अंतराने निघून गेली. पुढे जाऊन तो माणूस थांबला. मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर लेकरू. माणूस थरथरत होता. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मला वाटलं, मोटारसायकल हाय."

आम्ही खाली उतरून पाहिले. गाडीचा उजवा दिवा गेला होता. समोरच्याला फक्त डावा दिसत होता, म्हणजे रस्त्याच्या कडेने येणारी दुचाकी. मधली जागा मोकळी आहे असे समजून तो बाहेर निघाला. त्यात त्याची काय चूक?

वाचक बंधू-भगिनींनो, एक डोळा गेलेली गाडी आपल्याकडच्या रस्त्यांवर रोज दिसते. हंगामात याच रस्त्यांवर रात्री उसाच्या बैलगाड्या चालतात, ट्रॉलीवरच्या उसावर आपलीच माणसे बसलेली असतात, वीटभट्टीवरून मजूर पायी परततात. गाडीत बसणारे थोडे, रस्त्यावर चालणारे जास्त. म्हणून हा प्रश्न फक्त गाडीवाल्यांचा नाही.

हात जातो, नजर जात नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बल्ब आणला. दीडशे रुपयांच्या आत काम झाले. वाटले, पाच मिनिटांत बसवू.

बॉनेट उघडले. उजव्या दिव्याच्या पाठीमागे बॅटरी, बॅटरीला लागून काच धुण्याच्या पाण्याची टाकी, आणि उरलेल्या फटीत तारांचा गुंता. भाच्याने हात घातला. मनगटाला ओरखडे आले. आम्ही वाकून पाहिले, तर त्याच्या हाताने सारेच झाकले. तो म्हणाला, "मामा, हात जातो तर नजर जाईना, अन् नजर जाते तर हात जाईना."

गाडीसोबतचे पुस्तक काढले. त्यात बल्बच्या पानावर लिहिले होते, कंपनीच्या केंद्रात जा. केंद्रात फोन केला. उत्तर आले, बंपर उतरवावा लागेल. मजुरी बल्बच्या किमतीच्या कितीतरी पट सांगितली, आणि गाडी दिवसभर तिथे ठेवायची. म्हणजे त्या दिवसाचे भाडेही बुडाले.

शेवटी बॅटरी सोडून बाजूला काढली. भाच्याच्या आईने मोबाईलची बॅटरी धरली. बल्ब धरून ठेवणारी तारेची क्लिप सुटली आणि इंजिनाखाली पडली, ती शोधण्यात वीस मिनिटे गेली. बल्ब घातला, तो तिरका बसला. पुन्हा काढला. सारे मिळून दीड तास. दिवा लागला तेव्हा सणासारखा आनंद झाला! पण मनात प्रश्न राहिला. सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी जाणारी वस्तू, आणि तिच्यापर्यंत पोचण्याची वाटच बंद. हे असे का?

बल्ब आहे तरी कसा?

हॅलोजन दिवे मोटारींना युरोपात १९६२ मध्ये लागले. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून झिजते आणि काच काळी पडते. हॅलोजन बल्बमधला आयोडीन किंवा ब्रोमीनचा वायू ती झीज पुन्हा तारेकडे आणून सोडतो. म्हणून उजेड जास्त मिळतो आणि बल्ब जास्त टिकतो. पण त्यासाठी काच फार तापावी लागते, अडीचशे अंशांच्याही वर.

आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत 'एच-४' जातीचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, अप्परची ६० वॅट आणि डिप्परची ५५ वॅट. एक गेली तरी दुसरी चालू राहते. इथेच पुष्कळ चालक चुकतात. डिप्पर गेला की अप्परवरच गाडी दामटतात. आपल्याला रस्ता दिसतो, पण समोरचा आंधळा होतो.

बदलताना एवढे सांभाळा

पहिली गोष्ट, इंजिन आणि दिवे बंद करून बल्ब थंड होऊ द्या. मागचा कपलर सरळ ओढा, तार धरून ओढू नका. रबराचे झाकण काढा. क्लिप सोडताना दुसरा हात खाली धरा, म्हणजे आमच्यासारखी शोधाशोध होणार नाही.

नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल काचेवर राहते, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ कापडाने किंवा कागदाने धरा. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्या.

बल्बच्या पत्र्याच्या चकतीला तीन कान असतात. ते एकाच पद्धतीने खाचेत बसतात. जोर लावावा लागला, तर बल्ब चुकीचा बसतो आहे असे समजा. तिरका बसलेला बल्ब रस्ता सोडून झाडावर उजेड पाडतो. बसवल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून डिप्पर लावा. उजेडाची वरची कड उजवीकडे आडवी आणि डावीकडे थोडी चढती दिसली पाहिजे. चढती बाजू आपल्या कडेच्या पादचाऱ्याला दाखवते, आडवी बाजू समोरच्याचे डोळे वाचवते.

दोन्ही दिवे एकदम गेले, तर आधी फ्यूज पाहा. होल्डरचे प्लास्टिक तपकिरी पडून वितळले असेल, तर होल्डरही बदला. बल्ब वारंवार उडत असतील, तर चार्जिंग तपासून घ्या. व्होल्टेज पाच टक्के वाढले तरी बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. आणि एक बाजू गेली, तर दुसरीचाही बल्ब आणून ठेवा, तोही तेवढाच जळलेला असतो.

दुकानदार कधी १०० वॅटचा बल्ब पुढे करतो, कधी पांढराशुभ्र एलईडी. मोह धरू नका. जास्त वॅटने होल्डर आणि तारा जळतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी घातला, तर उजेड विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय कंपनीने मूळ दिलेल्या रचनेत असे फेरबदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लागलेच पाहिजेत, आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हाही.

वाट कोणी बंद केली?

मारुती ८०० ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत आपल्या देशात बनत होती. तिचे बॉनेट उघडले की दिव्याची पाठ समोर दिसे. कपलर, रबर, क्लिप, की झाले. गावोगावचे चालक रस्त्याच्या कडेला उभे राहून हे काम करीत. पुढे दिवे मोठे आणि वळणदार झाले, बॉनेटखाली सामानाची दाटी झाली, आणि बल्ब कोपऱ्यात गेला. नव्या गाड्यांत तर कित्येकदा बल्बच नसतो. एलईडी गेला की अख्खा दिवा बदला, हजारो रुपये मोजा.

हे अटळ आहे असेही नाही. युरोपातील अनेक देश पाळतात त्या वाहन-नियमांत असे आहे की, बदलता येणारा बल्ब जाणकाराच्या मदतीविना आणि गाडीसोबत दिलेल्या हत्यारांखेरीज खास हत्यार न लागता बदलता आला पाहिजे. म्हणजे मनात आणले तर कंपन्यांना हे जमते. विचारणारे मात्र हवेत.

म्हणून आमचे सांगणे असे. जुनी असो की नवी, गाडी घेताना फक्त मायलेज आणि हप्ता विचारू नका. बॉनेट उघडायला लावा आणि म्हणा, "बल्ब कसा बदलायचा ते दाखवा." दाखवता आले नाही, तर तो खर्च पुढे आपल्याच खिशातून जाणार हे धरून भाव करा. गाडीत एक जादा बल्ब, एक पेचकस आणि स्वच्छ कापड कायम ठेवा. वस्तीत आय.टी.आय. शिकलेली मुले असतील, त्यांनी एका रविवारी गाडी, रिक्षा, ट्रॅक्टरवाल्यांना एकत्र बोलावून हे काम करून दाखवावे. मुलींनाही त्यात घ्या. आमच्याकडे ती क्लिप शेवटी सापडली ती भाच्याच्या आईलाच.

आता दर रविवारी संध्याकाळी भाचा गाडी भिंतीसमोर उभी करतो. आधी अप्पर, मग डिप्पर. दोन्ही दिवे भिंतीवर उमटले, की मगच गाडी रस्त्याला लागते. त्या मोटारसायकलवरच्या लेकराचे नाव आम्हाला ठाऊक नाही, पण दिवे पाहताना त्याची आठवण होतेच.