आल्पीय वनस्पतींची हंगामी वाढ व तापमानवाढ
उंच पर्वतांवर वृक्षरेषेच्या वर वाढणाऱ्या वनस्पतींना आल्पीय वनस्पती म्हणतात. त्यांपैकी बहुतेक बुटक्या व बहुवर्षायू असतात. समशीतोष्ण कटिबंधात त्यांना वाढीसाठी वर्षातून सु. दोन ते तीन महिनेच मिळतात. हा काळ हिम वितळल्यावर सुरू होत असल्याने पालवी, फुलोरा व बीजधारणा यांचा क्रम मुख्यत्वे हिम केव्हा वितळते यावर अवलंबून असतो.

हा अल्पकाळ पुरा पडावा म्हणून अनेक जाती कळ्या आधीच्या हंगामांत तयार करून ठेवतात. कोलोरॅडोतील बिस्टॉर्टा व्हिव्हिपॅरा या जातीत पाने व फुलोरा यांचा आरंभ झाल्यापासून ती पूर्ण विकसित होण्यास चार वर्षे लागतात. म्हणून उष्ण उन्हाळ्याचा परिणाम त्याच वर्षी दिसेलच असे नाही. काही जातींचे फुलणे दिवसाच्या लांबीशीही निगडित असते. हिम लवकर वितळले तरी त्या तितक्याच लवकर फुलत नाहीत.

तापमानवाढीमुळे हिम लवकर वितळून वाढीचा काळ लांबतो. मात्र हा लाभ निर्भेळ नसतो. हिमाचा जाड थर पांघरुणासारखा असून त्याखालील जमिनीचे तापमान ०° से. च्या आसपास राहते. तो लवकर नाहीसा झाल्यास कोवळे कोंब व कळ्या वसंतातील गोठवणाऱ्या रात्रींना उघड्या पडतात.

याचा प्रत्यय कोलोरॅडोतील गॉथिक (उंची सु. २,९०० मी.) येथे येतो. तेथील कुरणे वृक्षरेषेच्या खाली, उप-आल्पीय पट्ट्यात आहेत. डेव्हिड इनौये व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे फुलोऱ्याच्या दीर्घकालीन नोंदी ठेवल्या. १९७४–२०१२ या काळात ६० जातींच्या समुदायाचा फुलोऱ्याचा हंगाम सु. ३५ दिवसांनी लांबल्याचे त्यांवरून दिसून आले. परंतु सूर्यफुलाच्या कुलातील हेलिअँथेला क्विंक्वेनर्व्हिस या जातीच्या कळ्या, हिम लवकर वितळलेल्या वर्षी थंडीने अधिक प्रमाणात मेल्या. कळ्या गेल्यास त्या वर्षीचे बीही हाती लागत नाही. हंगाम लांबला म्हणजे प्रत्येक जातीची भरभराट झाली, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

खालच्या उंचीवरील जातीही वर सरकत आहेत. यूरोपातील ३०२ शिखरांवरील नोंदींनुसार जातिसंख्येतील वाढ १९५७–६६ च्या तुलनेत २००७–१६ या दशकात सु. पाचपट होती. नवागत जाती उंच वाढणाऱ्या असल्यास बुटक्या आल्पीय जातींवर त्यांची सावली पडते. शिखरावरील जातींना मात्र आणखी वर सरकण्यास जागा नसते.