राखीव खेळाडू म्हणजे बारावा गडी नव्हे

भाताची लावणी उरकली, शाळेतली हजेरी पुन्हा भरली की भोर तालुक्यात शालेय स्पर्धांचे वारे वाहू लागतात. कामथडी, नसरापूर, कापूरहोळ या महामार्गालगतच्या पट्ट्यात संध्याकाळी शाळा सुटल्यावरही मैदान रिकामं होत नाही. कबड्डी आणि खो-खो हे इथले घरचे खेळ. संघाची यादी लागते आणि त्या दिवशी घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्याला नुसतं राखीवात घेतलंय." या 'नुसतं'मध्ये बरेच गैरसमज दडलेले आहेत. काही पालकांचे, काही मुलांचे आणि थोडे शिक्षकांचेही.

बहुतेक गैरसमजांचं मूळ क्रिकेटमध्ये आहे. टीव्हीवर पाहून पाहून राखीव खेळाडू म्हटलं की आपल्याला बारावा गडीच आठवतो. पाण्याच्या बाटल्या न्यायच्या, कुणी जखमी झालं तर त्याच्या जागी क्षेत्ररक्षण करायचं. त्याला फलंदाजी नाही, गोलंदाजीही नाही. 2017 पासून पंचांच्या परवानगीने त्याला यष्टिरक्षण करता येतं आणि 2019 पासून डोक्याला मार लागून बाहेर गेलेल्या खेळाडूच्या जागी आलेल्याला पूर्ण खेळू देतात. या सवलती सोडल्या तर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला राखीव जवळजवळ प्रेक्षकच. कबड्डीचा कायदा याच्या अगदी उलटा आहे. तिथे मैदानात 7 जण उतरतात, यादी 12 जणांपर्यंत असते आणि बाहेरचे पाच जण त्याच सामन्यात खरोखर खेळण्यासाठी बसलेले असतात.

"कुणी जखमी झालं तरच राखीव आत जातो" हे म्हणूनच चूक आहे. कबड्डीत प्रत्येक डावात दोन्ही संघांना 30 सेकंदांचे दोन-दोन टाइम-आउट असतात. त्या वेळी किंवा मध्यंतरात सरपंचांची परवानगी घेऊन खेळाडू बदलता येतो. दुखापतीची अट नाही. बाहेर काढलेला खेळाडू पुढे परतही येऊ शकतो. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांत एकदा बाहेर गेलेला त्या सामन्यापुरता संपला. व्हॉलीबॉलमध्ये सुरुवातीला उतरलेला खेळाडू एका सेटमध्ये एकदाच परत येतो, तोही ज्याने त्याची जागा घेतली त्याच्याच बदल्यात. कबड्डीत इतकी बंधनं नाहीत. त्यामुळे हुशार प्रशिक्षक पहिल्या दहा मिनिटांत समोरच्याचा चढाईपटू जोखतो आणि त्याला अडवू शकेल असा गडी बाकावरून उठवतो.

इथेच दुसरा घोळ होतो आणि तो कबड्डी जाणणाऱ्या घरांतही होतो: "आमचा पोरगा बाद झाला, तर सरांनी राखीवाला का नाही पाठवलं?" कारण बाद होणं ही बदलीची वेळच नव्हे. बाद झालेला खेळाडू बाहेर रांगेत बसतो. आपल्या संघाने समोरचा एक गडी टिपला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो, तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. सगळेच्या सगळे बाद झाले तर लोण चढतो आणि समोरच्याला दोन गुण जादा मिळतात. राखीवांना या रांगेत जागा नाही. आजोबांच्या पिढीचा गोंधळ समजण्यासारखा आहे. पूर्वी हा खेळ संजीवनी, गामिनी, अमर अशा वेगवेगळ्या प्रकारांनी खेळला जायचा आणि गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणावर गेलेली आहे.

कार्डांचंही तसंच. पिवळं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर जातो, लाल कार्ड मिळालं तर सामन्यातूनच जातो. त्याची जागा राखीव भरून काढेल असं प्रेक्षकांना वाटतं, पण नाही. ती जागा रिकामीच राहते आणि संघ कमी गड्यांवर खेळतो. शिक्षा त्याची एकट्याची नसते, साऱ्या संघाची असते.

आता निवडीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. सर्वसाधारण समज असा की सर आधी चांगले सात काढतात आणि मग जे उरतात त्यांतले पाच राखीव म्हणून भरतात. आठव्या क्रमांकाचा खेळाडू पहिला राखीव, नवव्याचा दुसरा, असा. अनुभवी शिक्षक असं करत नाहीत. करतात त्यांचा संघ तालुक्याच्या पुढे फारसा जात नाही.

एका संघाचे सात जण डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना डावा आणि उजवा कोपरा सांभाळणारे, त्यांच्या आतल्या बाजूला साखळी धरणारे, मध्यरक्षक, शिवाय दोन-तीन चढाईपटू. उजव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्याला घोटा पकडताना कुठला पाय पुढे टाकायचा, कुठल्या हाताने झडप घालायची याची सवय झालेली असते. त्याला डाव्या कोपऱ्यावर उभं केलं की हे सगळं उलटं होतं आणि गडी अर्धा क्षण उशिरा हलतो. कबड्डीत त्या अर्ध्या क्षणात चढाईपटू मध्यरेषेवर हात टेकवून मोकळा झालेला असतो. तेव्हा दोन्ही कोपऱ्यांना मिळून कुठलाही एक राखीव चालत नाही. निदान एक असा लागतो जो दोन्हीकडे सारख्याच सहजतेने उभा राहील. असा मुलगा कदाचित संघातला नववा किंवा दहावा चांगला खेळाडू असेल, पण राखीव म्हणून त्याची किंमत आठव्यापेक्षा जास्त आहे.

चढाईपटूचा राखीव वेगळ्या कारणाने घेतात. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची असते. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. अशा वेळी वीस मिनिटं पळून दमलेल्या मुलापेक्षा बाकावर ताजा बसलेला, एकच पण खात्रीची चाल असलेला मुलगा बरा. एखादा नुसता बोनस रेषेवर पाय टाकण्यात तरबेज असतो, एखाद्याचे हात लांब असतात. समोर सहा-सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो हे लक्षात घेऊन अशा मुलाला कधी आत सोडायचं हे ठरवावं लागतं. बारा नावांची यादी म्हणजे सरांच्या डोक्यातला सामन्याचा आराखडा.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, ते पुण्याच्या शाळांना फारसं लागू पडत नाही. भोर-वेल्ह्याचा हा पट्टा भाताचा. लावणीच्या दिवसांत निम्मी पोरं शेतात असतात, सराव बुडतो. पुढे स्पर्धेच्या दिवशी कुणाची एसटी चुकते, कुणाच्या घरी नेमकं काही निघतं. मुलींच्या बाबतीत तर घरातलं काम, पाळीचे दिवस, पाठवायचं की नाही यावरचा घरचा खल, हे सगळं आलंच. शिवाय शालेय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. गणपतीत मोदक जरा जास्त झाले आणि वजनकाट्यावर आकडा सरकला की संघाचा भरवशाचा गडी सकाळीच बाद. ज्या सरांनी राखीव नीट घडवलेले असतात ते अशा सकाळी घाबरत नाहीत.

म्हणूनच "राखीवाला काय, वजन-वय थोडं इकडेतिकडे चालतं" हा गैरसमज महागात पडतो. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांची वयाची अट यादीतल्या प्रत्येकाला सारखीच आहे. वजनाचंही तेच. मैदानात पाऊल न टाकलेल्या मुलाच्या जन्मतारखेवर हरकत आली तरी झळ संघाला बसते.

खो-खोत राखीवाचं गणित आणखी निराळं. मैदानात नऊ जण. आक्रमणाच्या वेळी आठ जण आलटून-पालटून उलट्या तोंडांनी चौकोनात बसतात आणि नववा पाठलाग करतो. संरक्षणाच्या वेळी तेच नऊ तीन-तीनच्या तुकड्यांनी पळतात. पळणाऱ्यांचा क्रम गुणलेखकाकडे आधी द्यावा लागतो. पहिल्या दोन तुकड्या टिकल्या तर तिसरीला पळायची पाळीच येत नाही. म्हणजे नऊ जणांच्या संघातही काही मुलं एखाद्या डावात धावत नाहीत. तरी त्यांना कुणी 'नुसते' म्हणत नाही! खांबावर सूर मारणारा मुलगा मिळणं सगळ्यात अवघड. त्याचा गुडघा सोलला गेला आणि त्याच्या जोडीचा दुसरा तयार नसला की आक्रमणाची धारच जाते. माझ्या मते खो-खोच्या संघात पहिला राखीव खांबाचाच असायला हवा. बाकीच्यांची पुढे काहीतरी सोय लागते.

राखीव आणि स्टँडबाय यांतही लोक गल्लत करतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या मराठी कर्णधारांच्या हाताखाली भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. तिथे भारताच्या प्रत्येक संघात 15 खेळाडू होते आणि त्याखेरीज 3 स्टँडबाय जाहीर झाले होते. पंधरांतले जे सुरुवातीला मैदानात नसतात ते राखीव. ते संघाचेच असतात, सामन्यात उतरू शकतात. स्टँडबाय संघाबाहेर असतो. पंधरांतलं कुणी स्पर्धेआधी गळालं तरच त्याचा नंबर लागतो. शाळेत तेराव्या मुलालाही सर सरावाला बोलावतात तेव्हा तो स्टँडबाय असतो, राखीव नव्हे. हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावं. न सांगितल्यामुळे वाईटपणा येतो.

अमेरिकेतल्या शाळांच्या चीअरलीडिंगकडे या बाजूने पाहिलं तर मजा वाटते. आपल्याकडे हा प्रकार 2008 च्या आयपीएलपासून ओळखीचा झाला तो सीमारेषेवरचा नाच म्हणून. प्रत्यक्षात तो स्पर्धेचा, अंगमेहनतीचा खेळ आहे आणि त्याच्या जागतिक संघटनेला 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यताही मिळाली. खाली उभ्या असलेल्या मुली एकीला वर उचलतात, पाठीमागे एक जण तिला सावरायला सज्ज असते. जागतिक स्पर्धेतली सादरीकरणाची वेळ अडीच मिनिटांची. एकदा संगीत सुरू झालं की मध्येच टाइम-आउट मागून मुलगी बदलता येत नाही. म्हणून तिथल्या राखीव मुलीला दुसरीची जागा, तिची मोजणी, तिची पकड, सगळं आधीच अंगवळणी पाडावं लागतं. वर चढणारीच्या जागी खाली पेलणारी चालत नाही. आपल्या गोविंदा पथकांना हे वेगळं सांगायला नको. तळाच्या थराचा राखीव आणि वरच्या थराचा राखीव ही दोन वेगळी माणसं असतात. चीअरलीडिंगमधल्या राखीवाची कसोटी संगीत सुरू होण्याआधी लागते, कबड्डीतल्याची शिट्टी वाजल्यानंतर.

शेवटचा गैरसमज कागदांचा. "खेळला नाही तर प्रमाणपत्र कसलं?" असं मुलंच एकमेकांना सांगतात. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण किंवा सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, दोन्हीकडे पहिला पुरावा स्पर्धेचं प्रमाणपत्र असतो आणि ते निघतं प्रवेशिकेतल्या नावांवरून. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही चढण असते. सवलतीचे गुण किती, ते कुठल्या पातळीपासून आणि कुठल्या क्रमांकाला, हे शासनाच्या चालू आदेशात पाहावं, पारावरच्या चर्चेत नव्हे. उलट बाजूही तितकीच खरी. वर्षभर सराव केला, पण प्रवेशिकेत नाव नाही, तर तो मुलगा मैदानातही नाही आणि कागदावरही नाही.

शिक्षकांच्या बाबतीत एक तक्रार मात्र रास्त आहे. वीस गुणांची आघाडी आहे, पाच मिनिटं उरलीत आणि तरी तेच सात जण खेळतायत, हे चित्र तालुक्याच्या स्पर्धेत सर्रास दिसतं. सामना हातात असताना राखीवांना उतरवलं नाही, तर पुढे जिल्ह्याच्या सामन्यात गरज पडेल तेव्हा ते मॅटवर पहिल्यांदाच पाय ठेवतील. त्यांना उतरवण्यात नियमाची आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर ती आपल्या धास्तीची.

पालकांना एवढंच सांगणं: मुलाचं नाव राखीवात आलं तर सरांना दोन गोष्टी विचारा. प्रवेशिकेत त्याचं नाव आणि जन्मतारीख बरोबर लिहिली आहे का, आणि त्याला कोणाच्या जागी घेतलं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की रोज संध्याकाळी त्याच जागेचा सराव करायला त्याला पाठवा.