डेटाबेस नष्ट करण्याचा हुकूम

ज्या दालनात आपण बसलो आहोत, तेच दालन आतून जमीनदोस्त करता येत नाही. पोस्टग्रेसक्यूएल या प्रणालीतील डेटाबेस ‘सी’ भाषेतील लिबपीक्यू या लायब्ररीच्या द्वारे नष्ट करू पाहणाऱ्यास प्रथम हाच दंडक पाळावा लागतो, कारण ज्या डेटाबेसशी जोडणी आहे त्याच्याच नाशाचा हुकूम सर्व्हर मानीत नाही. म्हणून ‘पीक्यूकनेक्टडीबी’ने ‘पोस्टग्रेस’ नामक, सामान्यतः प्रारंभापासूनच असणाऱ्या डेटाबेसशी संधान बांधावे आणि ‘पीक्यूएक्झेक’मार्फत ‘ड्रॉप डेटाबेस’ हा हुकूम रवाना करावा. हुकूम देणारा त्या डेटाबेसचा मालक अथवा सुपरयूजर हवा, हे ओघानेच आले.

हा हुकूम एकटाच पाठवावा, हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण एकाच मजकुरात दोन-तीन आज्ञा गुंफल्यास सर्व्हर त्या सर्वांना मिळून एक ट्रान्झॅक्शन समजतो, आणि डिस्कवरील फायलींचा नाश मागे घेता येण्याजोगा नसल्यामुळे ट्रान्झॅक्शनच्या अंतर्भागात या हुकुमास मज्जाव आहे. अन्य कोणाची जोडणी चालू असली तरीही नकारच मिळतो. मात्र 2020 साली आलेल्या 13व्या आवृत्तीपासून ‘फोर्स’ हा शब्द जोडून तशा जोडण्या तोडविता येतात. डेटाबेसचे नाव बाहेरून येत असेल, तर ते ‘पीक्यूएस्केपआयडेंटिफायर’मधून गाळून घेतल्याखेरीज हुकुमात कदापि घालू नये. शेवटी ‘पीक्यूरिझल्टस्टेटस’ने निकाल तपासावा, ‘पीक्यूक्लिअर’ने स्मृती मोकळी करावी व ‘पीक्यूफिनिश’ने जोडणी बंद करावी.